मंडळाची मिनीबस मागायची आहे? लायसन्स, पासिंग, विमा आणि तुळजापूरचा घाट

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने लायसन्सबद्दल एक निकाल दिला. सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचेपर्यंत त्याची एकच ओळ उरली होती: 'आता कारच्या लायसन्सवर बस चालवता येणार.' ही ओळ पूर्ण खोटी असती तर बरं झालं असतं, कुणीतरी खोडून काढली असती. ती निम्मी खरी आहे, म्हणून अजून फिरते आहे.

आणि ती फिरते आहे अशा गावात, जिथे समाजाच्या ट्रस्टकडे, उत्सव मंडळाकडे किंवा भजनी मंडळाकडे एखादी सतरा सीटर ट्रॅव्हलर असणं काही नवलाचं नाही. वर्षातले बरेच दिवस ती उभीच असते. मग घरात कुणाचं लग्न ठरतं, कुणाला अक्कलकोटला अभिषेक करायचा असतो, कुणाच्या बारशाला पंढरपूरहून माणसं आणायची असतात, आणि अध्यक्ष म्हणतात, "गाडी रिकामीच उभी आहे की, घेऊन जावा. डिझेल तेवढं टाका." चावी मिळते. कागद कुणी मागत नाही, कारण मागणं बरं दिसत नाही.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच: उसनी गाडी घेऊन निघालेला माणूस कायद्याच्या नजरेत पाहुणा नसतो. काही बाबतीत तो थेट मालकाच्या जागी जाऊन उभा राहतो, आणि हे त्याला बहुधा अपघातानंतरच कळतं.

आधी पाटीचा रंग बघा

सगळी गोष्ट नंबरप्लेटवरून सुरू होते. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे व्यावसायिक, म्हणजे आपण जिला 'टी परमिटची गाडी' म्हणतो ती. आकार, कंपनी, सीट सगळं सारखं असलं तरी या दोन गाड्यांचे नियम वेगळे आहेत.

पिवळ्या पासिंगच्या गाडीला परमिट लागतं, म्हणजे 'या गाडीने पैसे घेऊन माणसं न्यावीत' अशी परवानगी. शिवाय तिला ठरावीक मुदतीने आरटीओकडून फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पांढऱ्या पासिंगच्या गाडीला नोंदणीनंतर पंधरा वर्षं असं कुणी तपासत नाही. म्हणजे मंडळाची पांढऱ्या पाटीची मिनीबस दहा वर्षं जुनी असेल, तर तिचे ब्रेक या दहा वर्षांत कुणा अधिकाऱ्याने पाहिलेलेच नसण्याची शक्यता आहे. ते काम तुमचं.

तिसरा प्रकार शाळेच्या बसचा. एखाद्या संस्थेची शाळा असते, शाळेची पिवळी बस असते, आणि रविवारी ती रिकामी असते म्हणून संस्थेचे पदाधिकारी ती नात्यातल्या लग्नाला देऊन टाकतात. कायद्यात शैक्षणिक संस्थेच्या बसची व्याख्याच अशी आहे की ती फक्त विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांसाठी, संस्थेच्या कामापुरती वापरायची. वऱ्हाड त्यात बसत नाही. ही बस मागूच नका, दिली तरी घेऊ नका.

पाटी पाहिली की आर.सी. म्हणजे नोंदणी पुस्तक बघायचं. त्यातल्या तीन गोष्टींशी आपला संबंध: मालक कोण, सीट किती, आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन किती. या वजनाला कागदावर जी.व्ही.डब्ल्यू. लिहितात, आपण पुढे 'भरलेलं वजन' म्हणू. विमा आणि फिटनेसची मुदत एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकूनही दिसते, म्हणजे ज्याला अध्यक्षांकडे कागद मागायची भीड वाटते त्याचीही सोय आहे.

मग कारच्या लायसन्सवर चालवता येते की नाही?

भरलेलं वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर येते. कारच्या लायसन्सवर 'एल.एम.व्ही.' असं लिहिलेलं असतं, म्हणजे हलकं मोटार वाहन. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत या वर्गात कार तर येतेच, पण ७,५०० किलोच्या आतली प्रवासी गाडीही येते. वाद होता तो पिवळ्या पाटीचा. हलकी असली तरी व्यावसायिक गाडी चालवायला लायसन्सवर वेगळी नोंद लागते का? विमा कंपन्या म्हणत, लागते. आणि ती नसेल तर भरपाई द्यायला नकार देत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी 'लागत नाही' असं सांगितलं, त्यावर शंका घेतल्या गेल्या, आणि २०२४ च्या घटनापीठाने तेच मत कायम केलं.

नेहमीच्या तेरा, सतरा, वीस सीटच्या ट्रॅव्हलर या मर्यादेच्या बऱ्याच आत असतात. त्याहून मोठी मिडीबस असेल तर ती मर्यादा ओलांडू शकते, आणि ओलांडली की कारचं लायसन्स चालत नाही. गाडी बाहेरून बघून हे कळत नाही. आर.सी.वर आकडा वाचायचा.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट गळलेली असते, ती वयाची. व्यावसायिक गाडी चालवायला वय वीस पूर्ण लागतं. अठराव्या वर्षी मिळालेल्या लायसन्सवर पुतण्याने पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर चालवली, तर ते बेकायदा आहे. आणि ज्याच्याकडे योग्य लायसन्स नाही त्याच्या हातात गाडी दिली म्हणून मालकालाही वेगळा दंड आहे: ५,००० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अध्यक्षांना हे ऐकवून बघा. चावी द्यायच्या आधी लायसन्स बघायची सवय लागेल.

न्यायालयाने सांगितलं ते कायदेशीर पात्रतेबद्दल. सतरा माणसं भरलेली गाडी सांभाळायची कला त्या निकालाने कुणाच्या अंगात आली नाही.

'आम्ही कुठे नफा कमावतोय? डिझेलपुरतेच घेतो'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो मनापासून केलेला असतो. ब्रिटनमध्ये अशा संस्थांसाठी १९८५ च्या वाहतूक कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली वेगळं परमिट मिळतं: नफा न कमावणारी संस्था त्यावर प्रवाशांकडून पैसे घेऊन मिनीबस चालवू शकते, बसधंद्याचा पूर्ण परवाना लागत नाही. आपल्याकडे प्रश्न नफ्याचा नाही. आपल्या कायद्यातले शब्द आहेत 'भाडं किंवा मोबदला'. तोट्यात घेतलेलं भाडंही भाडंच.

चार घरच्या माणसांनी पेट्रोलपंपावर पैसे काढून डिझेल भरलं, तर त्याला कुणी धंदा म्हणणार नाही. पण ग्रुपवर 'अक्कलकोट-गाणगापूर दर्शन, माणशी ६००, नाश्त्यासह, सीट लवकर बुक करा' असा मेसेज गेला आणि फोनपेवर सतरा वेळा ६०० रुपये जमा झाले, की ते काय होतं हे तुम्हीच सांगा. पांढऱ्या पाटीच्या गाडीने असं केलं तर ती विनापरमिट प्रवासी वाहतूक ठरू शकते. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दंडाचं एक वेळ सोडा. याच मेसेजचा स्क्रीनशॉट अपघातानंतर विमा कंपनीच्या वकिलाच्या हातात असतो, आणि तिथे तो फार महाग पडतो.

माणशी पैसे लावायचेच असतील तर पिवळ्या पाटीची, परमिटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घ्यावी. गाणगापूर कर्नाटकात आहे, हेही लक्षात असू द्या. महाराष्ट्रापुरतं परमिट असलेल्या पिवळ्या गाडीला तिकडे जायला विशेष परमिट किंवा अखिल भारतीय पर्यटक परमिट लागतं. अक्कलकोटपर्यंत चालणारे कागद पुढे चालतीलच असं नाही.

'विमा आहे की!'

इथे जरा थांबावं लागेल, कारण 'विमा आहे' या दोन शब्दांखाली तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. बाहेरच्या माणसाला लागलं तर? गाडीत बसलेल्यांना लागलं तर? आणि चालवणाऱ्यालाच लागलं तर?

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. रस्त्यावरच्या माणसाला भरपाई देण्यासाठीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, सक्तीचा आहे. पण पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक परिच्छेद असतो, जो आपण कुणी वाचत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत तिथे साधारण असं असतं की भाडं किंवा मोबदला घेऊन वापर केल्यास संरक्षण नाही. अट मोडली असेल तर न्यायालयं अनेकदा कंपनीला सांगतात: जखमीला आधी पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. मात्र मालक म्हणजे मंडळ, आणि वसुलीची नोटीस मंडळाच्या पत्त्यावर येते. गाडी अध्यक्षांच्या नावावर असेल तर त्यांच्या घरी.

दुसरा प्रश्न गाडीतल्या माणसांचा. सतरा सीटच्या गाडीत चोवीस माणसं बसवणं हे आपल्याकडे पाप मानत नाहीत. 'सरकून घ्या' म्हटलं की झालं. यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा एक निकाल आहे. हिमाचलात ४२ सीटच्या बसमध्ये नव्वदच्या आसपास माणसं होती आणि बस दरीत गेली. न्यायालयाने ठरवलं की विमा ४२ जणांचा होता, तर कंपनीची जबाबदारी ४२ जणांपुरतीच. सगळ्यांत मोठ्या ४२ भरपायांची बेरीज करून तेवढी रक्कम कंपनीने भरायची आणि ती सगळ्या जखमींत आणि वारसांत प्रमाणात वाटायची. उरलेलं मालकाकडून. म्हणजे जास्तीची माणसं घेतली की त्यांचं संरक्षण जातं एवढंच नाही. नीट सीटवर बसलेल्याच्या वाट्यातूनही कंपनीकडून मिळणारे पैसे कमी होतात. पिवळ्या पाटीच्या गाडीत जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, आणि ती माणसं उतरवून त्यांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलवू न देण्याचा अधिकारही आहे. लहान मुलं मांडीवर घेतली की मोजायची नसतात, हा आपला समज गाडीच्या ब्रेकना मान्य नाही.

तिसरा प्रश्न चालवणाऱ्याचा. त्याची सगळ्यात जास्त उपेक्षा होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असं प्रकरण आलं: एका माणसाने दुसऱ्याची मोटारसायकल चालवायला घेतली, वाटेत बैलगाडीशी अपघात झाला आणि तो गेला. घरच्यांनी त्या मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे, चूक सिद्ध न करता भरपाई मिळवून देणाऱ्या कलमाखाली दावा केला. न्यायालय म्हणालं, गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. आणि मालक स्वतःच्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर दावा करू शकत नाही, कारण तो तिसरा पक्षच नाही. २०२० मध्ये अशाच दुसऱ्या प्रकरणात तेच तत्त्व पुन्हा सांगितलं गेलं. समोरच्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो, तो मार्ग बंद नाही. पण झोप लागून ट्रॅव्हलर झाडावर गेली, तर समोर कोण आहे?

'मग तो पंधरा लाखांचा अपघात विमा?' असं कुणी विचारेल. बरोबर आहे, मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. पण तो मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तर. गाडी ट्रस्टच्या नावावर असेल तर मालक म्हणजे ट्रस्ट, आणि ट्रस्टला आरटीओत जाऊन आठचा आकडा काढता येत नाही. म्हणजे मंडळासाठी फुकटात, पुण्य म्हणून गाडी चालवणारा आपला उत्साही कार्यकर्ता हाच गाडीतला सगळ्यात उघडा माणूस असतो.

याच्यावर इलाज आहेत, आणि ते फार महाग नाहीत. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला विचारायचं: 'मालक सोडून दुसऱ्याने चालवली तर चालकाला काय मिळेल? प्रवाशांचा अपघात विमा वाढवून मिळेल का?' उत्तर तोंडी घ्यायचं नाही, पॉलिसीच्या कागदावर दाखवा म्हणायचं. आणि वारंवार मंडळाची गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी घ्यावी. ती माणसाबरोबर फिरते, गाडी कुणाचीही असो.

'कार तर रोज चालवतो, ही जरा मोठी कार'

सायकलच्या कॅरिअरवर टॉवेलचे गठ्ठे बांधून साखर पेठेतून गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सायकल तीच, पण हँडल हलकं लागतं, वळताना मागचं ओझं बाहेर ओढतं आणि ब्रेक दाबला तरी ती पुढेच जाते. भरलेल्या मिनीबसचं हेच होतं, फक्त गठ्ठ्यांऐवजी माणसं असतात.

हिशेब करून बघू. सतरा माणसं, सरासरी ६५ किलो धरली तर ११०० किलोच्या वर. त्यात पिशव्या, जेवणाचे डबे, पाण्याचे जार. रिकामी गाडी चालवून 'हात बसला' म्हणणाऱ्याने हे वजन अजून अनुभवलेलंच नसतं. त्यातही सामान टपावर बांधलं तर गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती जास्त कलते. जड सामान खाली आणि शक्यतो मध्यभागी, टपावर फक्त हलकं. मागच्या दाराशी जड पातेली रचली की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग फसवं लागतं.

ब्रेकचं गणित अजून कठोर आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो असं धरा, आणि भरलेली गाडी कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावते आहे असं धरा. ताशी ६० ला ती साधारण ५३ मीटरवर थांबेल. ८० ला थांबायला सुमारे ८२ मीटर लागतील. वेग एक तृतीयांश वाढला, अंतर निम्म्याहून जास्त वाढलं, कारण ब्रेकना जी ऊर्जा जिरवायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि या वाढीव वेगाने मिळतं काय? सोलापूर-तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. सलग तेवढाच वेग मिळाला असं मानलं तरी बचत अकरा मिनिटांची.

म्हणूनच कायद्याने मिनीबसला कारपेक्षा कमी वेगमर्यादा ठेवली आहे. ड्रायव्हर सोडून नऊ किंवा जास्त सीट असलेल्या गाडीला केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ९०, तर इतर रस्त्यांवर ६० ही कमाल मर्यादा आहे. जागोजागी ती याहून कमी असू शकते. पुणे रस्त्यावर शेजारून कार शंभरने गेली म्हणून आपलं काही चुकत नसतं.

गावात वेग नसतो, तिथे लांबी नडते. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात, म्हणून कोपऱ्यावरचा हातगाडा, दुचाकी, पायरी मागच्या चाकाखाली येते. उलट बाजूला गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. नवी पेठेत किंवा बाळी वेशीत हे शिकायला जाऊ नका. आदल्या दिवशी मोकळ्या मैदानात रिकामी गाडी घ्या, दोन विटा ठेवा, त्यांच्याभोवती वळा, आरशात काय दिसत नाही ते बघा. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरवायचा आणि तो आरशात दिसेल असाच उभा करायचा. तो दिसेनासा झाला की थांबायचं. बरोब्बर गाडीच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणारा माणूस मदत करत नसतो, जीव धोक्यात घालत असतो.

उभ्या गाडीचा आजार

मंडळाच्या गाडीला बारभाईचा कारभार बाधतो. सगळ्यांची असते म्हणून कुणाचीच नसते. किलोमीटर कमी पडलेले असतात, टायरवर नक्षी भरपूर दिसते आणि सगळे म्हणतात, "टायर नवेच आहेत." रबर मात्र धावण्यानेच नाही, वयानेही मरतं, सोलापूरच्या उन्हात उभं राहून तर लवकरच. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१६ लिहिलं असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर ती गाडी एप्रिल-मेमध्ये भरून नेऊ नका. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त वाकतो, त्याने तापतो, आणि वर चाळिशीपार ऊन, खाली भाजणारा डांबरी रस्ता; फुटायला एवढं पुरतं. हवा थंड टायरमध्ये, म्हणजे निघायच्या आधी तपासायची, आणि भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेल्या आकड्याप्रमाणे.

स्टेपनी आहे का, हे सगळे बघतात. तिच्यात हवा आहे का आणि जॅकचा दांडा जागेवर आहे का, हे मात्र फार थोडे. आपत्कालीन दार आतून उघडून बघा; अनेक गाड्यांत त्याच्यापुढे गाद्या, सतरंज्या किंवा स्पीकरचा खोका रचलेला असतो. ब्रेक दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर सहल त्याच क्षणी रद्द.

घाट, ऊस आणि झोप

तुळजापूरजवळचा घाट काही वरंध्याचा घाट नव्हे, म्हणूनच तो कुणी मनावर घेत नाही. उतरताना गाडी न्यूट्रल करून 'डिझेल वाचवायची' जुनी खोड अजून गेलेली नाही. खरं उलट आहे: आताच्या डिझेल गाड्यांत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनात डिझेल जाणं बंद होतं, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. त्यात न्यूट्रलमुळे इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारं साहाय्यही दोन-तीन दाबांत संपतं आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, एवढं धरून चाललं तरी पुष्कळ.

दिवाळीनंतर जिल्ह्यात उसाचा हंगाम सुरू होतो. रात्री मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, अशी उसाने लादलेली ट्रॉली समोर अंधारातून एकदम उगवते. तिथे वर सांगितलेले ५३ आणि ८२ मीटर आठवा आणि आपला दिवा किती लांब पडतो ते बघा. दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग, दुसरा उपाय नाही. माझं तर म्हणणं आहे, हंगामात मंडळाच्या गाडीने रात्रीचा प्रवास टाळावाच.

झोपेचं काय सांगायचं? देवदर्शन म्हटलं की पहाटे तीनला निघायचं आणि जागरण करून पहाटेच परतायचं, अशीच आपली वेळापत्रकं. पगारी चालकांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. हौशी चालकाला तो कायदा लागू नव्हता, शरीर मात्र तेच आहे. कोजागरीला निम्मं सोलापूर तुळजापूरला चालत जातं, आणि त्यांना आणायला मंडळाची गाडी पाठवतात. जो स्वतः रात्रभर चालत गेला त्याच्याच हातात परतीची चावी देऊ नका. दुसरा ड्रायव्हर घरी झोपवून ठेवलेला असावा.

'एवढं विचारलं तर गाडी कोण देईल?'

देतील. उलट एकदा कागदावर आलं की देणाऱ्यालाही बरं वाटतं. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर गाडी कुणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर द्यायची याचा एक ठराव विश्वस्तांच्या सभेत करून ठेवावा. म्हणजे अध्यक्षांना प्रत्येक वेळी भिडेत सापडावं लागत नाही. देताना एक पान पुरतं: कोण नेतोय, कुठे, चालवणार कोण, लायसन्सचा फोटो, निघतानाचं रीडिंग आणि डिझेलचा काटा, आणि गाडीच्या चारही बाजूंचे फोटो. खरचटलं तर, विम्यातून न मिळणारी रक्कम कोण भरेल हेही तिथेच लिहावं. 'बघू नंतर' यात मैत्री जाते.

अपघात झालाच तर चालकाने पळायचं नाही. जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२. पोलिसांना घटना कळवायला कायदा जास्तीत जास्त चोवीस तास देतो, पण तेवढं थांबायचं कारण नाही. विमा कंपनीला मंडळाने लगेच कळवायचं, 'आधी मिटतंय का बघू' म्हणत आठवडा घालवायचा नाही.

आणि ई-चलान. ते गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर येतं, कधी कधी सहल विसरल्यावर. त्या दिवशी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारल्यास सांगणं मालकाला बंधनकारक आहे, म्हणून ते एक पान जपून ठेवायचं. गाडी परत घेणाऱ्याने आठवडाभराने एकदा, महिन्याने एकदा महाट्रॅफिक अ‍ॅपवर नंबर टाकून बघावा. चलान निघालं तर त्या पानावरच्या नावाला फोन लावावा आणि फास्टॅगमधून कापलेला टोलही त्याच फोनवर मागून घ्यावा.